पहिला नंबर आलेली माती

वर्षातले सहा महिने आमचं बिऱ्हाड उसाच्या फडात असायचं. दसरा झाला की याडी (आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात) आणि बा कोयते घेऊन ट्रकमध्ये बसायचे. मी आश्रमशाळेत राहायचो. पायात पहिली चप्पल आली ती नववीत, आणि तीही कुणाची तरी उतरलेली.

पुढं हिंगोलीत बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. तांड्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी आजही छाती काढून सांगतो. नोकरी मात्र लागेना. दोन वर्षं इंटरव्ह्यू दिले. शेवटी ठरवलं, कुणी अपॉइंट करत नाही तर आपणच आपल्याला अपॉइंट करू.

गोरेगावात जीपस्टँडजवळ शटरची एक खोली भाड्यानं घेतली. पीएच मीटर, बारीक तराजू, काचेच्या नळ्या, केमिकलच्या बाटल्या. बाहेर पाटी लावली, ‘माती परीक्षण केंद्र’. त्या वेळी आमच्या भागातून माती तपासायला परभणी गाठावी लागायची, म्हणून मला वाटलं, रांग लागेल. या सामानापायी बानं बैलजोडी विकली होती. केंद्र बुडालं असतं तर घरात बैलही नाहीत आणि उपयोगाचा पोरगाही नाही, अशी गत झाली असती.

पहिले पंधरा दिवस कुणी आलं नाही. नाही म्हणायला एक म्हातारे बाटलीत लघवी घेऊन आले. मी म्हणालो, “बाबा, इथं फक्त माती तपासतात.”

“मग माणसाची कवा सुरू करणार?”

शेजारचे हॉटेलवाले रज्जाकभाई रोज विचारायचे, “क्या डॉक्टर, मिट्टी को बुखार नहीं आया क्या अब तक?”

मग एके दिवशी दत्तराव अण्णा आले. गावातले मोठे शेतकरी. अण्णांनी पेरल्याशिवाय गावात कुणी तिफण बाहेर काढत नसे. त्यांनी पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेली माती टेबलावर ठेवली.

“आमच्या मळ्याची हाय. बराबर तपास. शिकलायस तर गावाला कायतरी फायदा होऊ दे.”

मी तपासली. मातीत सेंद्रिय कर्ब किती, हे आधी बघतात. कर्ब म्हणजे जमिनीत कुजून मिसळलेला पालापाचोळा, शेणकाडी. तो जास्त असला की वरून खत कमी लागतं. आमच्याकडच्या काळ्या रानात कर्ब बेताचाच असतो. अण्णांच्या मातीत तो इतका निघाला की मी दोनदा मोजला. क्षारही जरा जास्तच दिसत होते. पण पहिलंच गिऱ्हाईक, तेही अण्णा. शंका गिळली आणि रिपोर्टवर लिहिलं, ‘कर्ब: अत्यंत जास्त. खताची मात्रा निम्मी करावी.’

अण्णांनी तो रिपोर्ट रज्जाकभाईच्या हॉटेलात उभं राहून मोठ्यानं वाचला. “पहिला नंबर आला आपला! औंदा गव्हाला खताचा दाणा टाकत न्हाई.” निम्मं म्हटलं होतं. अण्णांनी सगळंच बंद केलं.

पुढच्या बाजाराला माझ्याकडे चौदा पिशव्या आल्या. एकजण हळूच म्हणाला, “अण्णापेक्षा अर्धा मार्क तरी वर जाऊ द्या, सर.” आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सर म्हटलं. मी जोमानं कामाला लागलो. एकामागून एक रिपोर्ट ‘अत्यंत जास्त’.

नामदेवकाकांच्या पिशवीपाशी मी थांबलो. काकांचं रान आमच्या तांड्याला लागून. लहानपणी मी तिथं शेरडं राखलेली. सगळा मुरूम. तिथं गवतसुद्धा नाइलाजानं उगवायचं. आणि त्यांची माती अण्णांच्याही वर!

पिशवी पेपरावर ओतली. लेंड्या निघाल्या. काड्या निघाल्या. बांगडीचा तुकडा निघाला. काका बाजारातच होते. त्यांना बोलावलं.

“काका, माती कुठली काढली?”

“उकिरड्याच्या बुडची.”

“काहून?”

“काहून म्हंजे? पोरगी दाखवायची म्हणल्यावर तिला शेणात हात असताना उठवून आणतो का आपण? नवं लुगडं नेसवतोच ना! परीक्षेला बसवायची तर चांगलीच माती पाठवणार.”

मला अण्णांचा रिपोर्ट आठवला. चार दिवसांनी अण्णांची पेरणी होती. गहू पिवळा पडला असता तर पाटी उतरवायलाही मला कुणी वेळ दिला नसता. तडक अण्णांच्या मळ्यात गेलो.

“अण्णा, तुमची माती कुठली होती?”

“मळ्यातलीच.”

“मळ्यात कुठली?”

अण्णांनी आधी बांधाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “बैल बांधतो तिथली. बैल मळ्यातच बांधतो ना आमी!”

“पुन्हा तपासावी लागंल.”

“म्हंजे माझा नंबर काढून घेऊन राहिला का तू?”

“अण्णा, गहू गेला तर गाव तुम्हाला न्हाई, मला हाणील.”

“व्हय,” अण्णा खुशीत म्हणाले, “ते बी खरंच हाय.”

माती काढायची एक रीत असते. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डे घ्यायचे, प्रत्येकाच्या कडेची माती तासून काढायची. सगळी एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी मी नागमोडी चाललो तसा बांधावरचा सालगडी म्हणाला, “सकाळी सकाळीच घेऊन आला वाटतं.” आणि मी दोन भाग फेकले तेव्हा अण्णा कळवळले, “आरं, इतकी तकलीफ करून काढली अन् फेकून देऊन राहिला?”

रिपोर्ट घ्यायला अण्णा आले तेव्हा त्यांनी आधी शटर अर्धं खाली ओढलं.

“नापास?”

“माती नापास होत नसते, अण्णा. कर्ब कमी हाय, स्फुरद कमी हाय. काय टाकायचं ते लिहून दिलंय.”

“ते सोड. कुणाला सांगितलं?”

“कुणालाच न्हाई.”

अण्णांनी कागद मुठीत आवळला. आता ते तो फाडणार आणि माझं दुकानही बंद करणार, असं मी धरूनच चाललो होतो. मग ते उठले.

“त्या चौदा जणांची बी अशीच काढ. शेतात जाऊन. माझी एकट्याचीच काहून नापास व्हावी?”

आणि हॉटेलात जाऊन त्यांनी जाहीर केलं, “आधीची प्रॅक्टिस होती. खरी परीक्षा आता हाय. पोरगं सोता रानात येऊन माती काढतंय.”

चौदा शेतं पालथी घातली. पायांना फोड आले. सगळ्यांचा कर्ब कमी निघाला. त्यातल्या त्यात अण्णांचा जरा बरा, म्हणून त्यांनी पुन्हा स्वतःचा पहिला नंबर जाहीर केला. खत मात्र लिहून दिलं तेवढं टाकलं. गहू चांगला आला.

मातीतलं काय कसं मोजायचं, ते मला कॉलेजनं शिकवलं. नमुना मालकाच्या हातून घ्यायचा नाही, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्यानंतर मी पिशवी घेणं बंद केलं आणि स्वतः जायला लागलो. आधी सेनगाव तालुका, मग औंढा, मग पार हट्ट्यापर्यंत. पाचव्या वर्षी ती शटरची खोली मी विकत घेतली. केंद्र आजही चालू आहे.