साहेबांच्या आधी थांबायचं नाही

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि महिन्याची मुदत दिली. ताण कमी करा, रोज चाला, नाहीतर ब्लडप्रेशरची गोळी सुरू, तीही जन्मभराची. माझे वडील गोळ्यांची डबी उशाशी घेऊन झोपायचे. मला ती डबी नको होती. मी चांगलाच घाबरलो होतो.

बायको मंद्रूप गावची, तिनं लगेच निकाल लावला. "बागेत हसायचा क्लब हाय की. सकाळी तितं जावा. तेवढीच घरात शांतता."

गेलो, तर गोलात समोर आमचे साहेब. सात रस्ता चौकाजवळच्या ऑफिसात बसून माझं ब्लडप्रेशर वाढवतात, तेच. ऑफिसातले आणखी दोघे होते. त्यांचंही दुखणं बहुधा तेच असावं.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. साहेब हसले की हसायचं आणि त्यांच्या आधी थांबायचं नाही. ती आम्ही बागेतही इमानेइतबारे पाळली. हात वर करून हाहा, होहो. बाकीची मंडळी हसून चहाला निघून जायची, आमचं आपलं चालूच. साहेब थांबेनात, मग आम्ही कसे थांबणार? माझे गाल दुखायला लागले, झोप होती तीही उडाली.

एके सकाळी साहेब हसता हसता मटकन बाकावर बसले. मी धावत जाऊन पाणी दिलं. दम खाऊन ते म्हणाले, "अहो, तुम्ही लोक थांबत का नाही? तुम्ही एवढे हसताय म्हटल्यावर मी मध्येच कसा थांबू? खडूस म्हणाल मला."

"साहेब, तुमच्या आधी कसं थांबायचं?"

मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी तो गोल सोडला आणि बागेला फेऱ्या घालू लागलो. तेही बोलत नाहीत, मीही नाही. ऑफिसात ते अजून फायली आपटतात, पण जरा बेतानं.

महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. खात्री करायला एकदा आणखी बांधला. गोळी नको म्हणाले आणि हसण्याचा क्लब तुम्हाला मानवला, असं कौतुकही केलं.

"हसणं सोडलं, डॉक्टर," मी म्हणालो. "तेव्हापासून बरं वाटतंय."