फुली, बेचकी आणि बिरूआबा

कोमलचा फोन आला तेव्हा मी केजच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो. 'सर, आबा गेले...' एवढंच ती म्हणाली. जीप भरली, सुटली. मी बाकावरच बसून राहिलो. त्याला आता महिना होत आला.

बिरूआबा हे कोमलचे आजोबा. आमच्या गावच्या माळावर मेंढ्या राखायचे, शिक्षण चौथीपर्यंत. कोमल अकरावीला माझ्या वर्गात होती. एक बिंदू आणि चढ दिला असता रेषेचं समीकरण काढायचं, हे तिला फळ्यावर जमलं नाही, आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, 'तुझ्या डोक्यात हे शिरायचं नाही. तू आपली मेंढ्याच राख.' दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी साधी चौकशीही केली नाही.

पुढच्या रविवारी आबा दारात. बायको गेल्यापासून माझ्या दारात फारसं कुणी येत नसे. वाटलं, भांडायला आले. ते ओट्यावर टेकले. 'लई वंगाळ बोललात, सर. पोरगी आता तुमच्याकडं शिकायची न्हाई. मला शिकवा, मी तिला शिकवतो.'

मी खजील झालो. 'आबा, तुम्हाला कसं जमेल?'

'कावून जमायचं न्हाई?'

इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती. एक्सला ते फुली म्हणत, वायला बेचकी. बिंदू दोन-तीन, चढ दोन. मी आलेखावर दाखवलं : फुली दोनपासून जेवढी सरकेल, त्याच्या दुप्पट बेचकी तीनपासून वर चढेल. म्हणून बेचकी वजा तीन बरोबर दोन गुणिले, कंसात फुली वजा दोन. आबांनी कागदावरच्या बिंदूवर बोट ठेवलं आणि तिथून ते वर सरकवत नेलं. 'कुठं उभं हाय ते ठावं, चढ केवढा ते ठावं. मग वाट एकच की!' तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे असं सांगितलं नव्हतं.

त्यांनी नातीला कसं शिकवलं, मला कधी कळलं नाही. पंधरा दिवसांनी ती वर्गात आली, शेवटच्या बाकावर बसली. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिनं वही उघडली.

बारावी होऊन ती शिकायला संभाजीनगरला गेली, तरी आबा दर रविवारी येतच राहिले. 'घर खायला उठतं, सर. एखादं गणित द्या.' मी द्यायचो. दुसरं फारसं बोलणं व्हायचं नाही. मीही त्यांची वाट बघत असतो, हे काही मी त्यांना सांगितलं नाही...

दहाव्याला कोमल मला घरामागं घेऊन गेली. गोठ्याची चुन्यानं रंगवलेली भिंत कोळशाच्या समीकरणांनी भरली होती. त्यातलं एकही मी दिलेलं नव्हतं. आबांनी स्वतःच बिंदू घेतले होते, स्वतःच चढ. शेवटचा बिंदू तीन-चार, चढ वजा दोन, आणि कंसात लिहिलं होतं फुली अधिक तीन.

'चिन्ह चुकलंय ना, सर? जायच्या आदल्या दिवशी लिहिलंय म्हणे.' तिनं खालचा कोळसा उचलून माझ्यापुढं धरला.

तो मी घेतला नाही. 'असू दे,' म्हणालो. 'रविवारी दाखवायला आले असते.'