आई दार उघडायची ते कडवं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. घाबरतो, ते वेगळं. अंधारात टेरेसवर टाकीचा व्हॉल्व्ह बघायला जायचं असलं की मी बायकोला पुढे करतो, पण विश्वास म्हणाल तर शून्य. त्यामुळे खालचं सगळं वाचून कुणी 'काका, तुम्ही पण?' अशी कमेंट टाकू नका.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला, गोडदेवात, तिसऱ्या मजल्यावर राहायचो... बिल्डिंगला लिफ्ट नाही, प्लास्टर मात्र आपणहून खाली यायचं. घरात आई, बायको सुषमा, मुलगी मुक्ता आणि मी. माझा मोठा भाऊ वसंतदादा बोटीवर स्टुअर्ड होता. एका फेरीनंतर तो आलाच नाही. एका सकाळी तो बोटीवर नव्हता, एवढंच कंपनीने कळवलं. वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आईने त्याचं कुठलंही कार्य करू दिलं नाही.

दादाने शेवटच्या सुट्टीत इंग्लंडहून एक एलपी रेकॉर्ड आणली होती. कव्हरवर हिरवी टेकडी, चार दाढीवाले आणि पायघोळ झग्यातली एक बाई. आम्हाला वाटायचं, ऑफिसची पिकनिक असेल. ती इतकी वर्षं दिवाणात पडून होती. मुक्ताने नोकरी लागल्यावर हौसेने रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि ती बाहेर काढली.

"पप्पा, ही त्यांची जुनी लोकगीतं आहेत. गोष्टी सांगणारी. फक्त गिटार-ड्रम लावून म्हटलीत."

"म्हणजे त्यांचे पोवाडे."

"हो, पण ह्यात सगळे मरतात."

एक गाणं एका खलाशाच्या आईचं होतं. मुलगा परतला नाही म्हणून ती दाराला कडी लावत नाही. एका कडव्यात ड्रम थांबतात, बाई एकटीच गाते — दारावर थाप पडते. तिथेच रेकॉर्डला चरा होता. सुई अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, मग मी ती उचलायचो. त्या गाण्याचा पुढचा भाग आमच्या घरात कधी वाजलाच नाही.

आता आईबद्दल. आईला ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी नाही, दाराची बेल तर नाहीच. कानाचं मशीन सुपारीच्या डबीत असतं, कारण 'त्यात किडा बोलतो'. तर त्या कडव्याला आई स्वयंपाकघरातून उठली, पदराला हात पुसत गेली आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

"कोण आलंय?" मी खुणेने विचारलं.

"ताच बघते," म्हणाली आणि परत लसूण सोलायला बसली.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मुक्ता म्हणाली, ड्रमची कंपनं जमिनीतून पायाला कळत असतील. पण तिथे तर ड्रम थांबतात! मग माझ्यातला डिटेक्टिव्ह जागा झाला. एका दुपारी बेडरूमचं दार लावून, हेडफोन कानाला लावून मी ते गाणं ऐकलं. घरात चिटपाखराला ऐकू जाणार नाही अशी व्यवस्था. कडवं आलं, सुई अडकली. मी हेडफोन काढला...

बाहेर कडीचा आवाज झाला.

मी बराच वेळ बेडरूमच्या बाहेर आलो नाही. विश्वास नाही म्हटलं ना? फक्त हेडफोनची वायर गुंडाळत बसलो होतो.

त्यातच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळे भाड्याच्या घरांत पांगले, उरलो आम्ही. आमच्यामुळे पाडकाम अडलेलं. सेक्रेटरी जयेशभाई रोज जिने चढून यायचे.

"भाऊ, माजी को समझाओ ना. पूरी बिल्डिंग रुकी है."

माजी ऐकत नव्हत्या. "वसंता आला नि बिल्डिंग दिसली नाय, तर त्यानं कुठं जायचं?" जयेशभाई पाणी पिऊन परत जिने उतरायचे.

शेवटी एका सकाळी मी टेम्पो बोलावलाच. सामान भरलं. आई रिकाम्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. मी हात जोडले, ओरडलो, शेवटी रडायचाच बाकी होतो. सुषमा म्हणाली, "अहो, ती रेकॉर्ड लावा. काय ते आईंना आणि त्या दाराला ठरवू दे."

प्लेअर अजून खाली गेला नव्हता. मुक्ताने लावला. कडवं आलं, सुई अडकली. आई उठली, माझ्या बाजूने गेली आणि दार उघडलं. रिकामा जिना. मी सवयीने सुई उचलायला हात पुढे केला, तर सुषमाने मनगट धरलं. सुई दोन-तीनदा तीच ओळ म्हणाली आणि आपोआप चरा ओलांडून पुढे गेली. कधीच न ऐकलेलं कडवं सुरू झालं. आई उंबऱ्यात मान कलती करून उभी होती, समोरचा हळू बोलत असला की उभी राहते तशी.

कडवं संपलं.

"बरं. लावते," आई म्हणाली. तिने दार लावलं, कडी घातली आणि माझ्याकडे वळली. "चल, रिक्षा बोलाव. पोळपाट घेतलास ना?"

सुषमा टेम्पोत बसली. काशीगावच्या भाड्याच्या घराकडे जाताना रिक्षात मी मुक्ताला विचारलं, "काय होतं गं त्या कडव्यात?"

तिने आधी आजीकडे बघितलं. मग म्हणाली, "मुलगा बाहेरूनच बोलतो. म्हणतो, मी आत येत नाही. वारा सुटलाय, आई, तू दार लावून घे."

आई आमच्या दोघांच्या मध्ये बसून हायवेवरचे ट्रक बघत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नसणार.

त्या वर्षी पितृपक्षात आई स्वतःहून सुषमाला म्हणाली, "वसंताचं पण पान वाढ."

नव्या घरात मी ते गाणं पुन्हा लावून बघितलं, हेडफोनवर आणि मोठ्यानेही. सुई आता अडकत नाही, चरा मात्र तसाच आहे. आई लसूण सोलत राहते. मुक्ताकडे सुईच्या वजनाची काहीतरी थिअरी आहे, असेल. आईचं काय, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. आईला विचारायचं माझं धाडस झालेलं नाही.

हल्ली त्या कडव्याला मीच दाराकडे बघतो. कधी कुरियरवाला असतो. बहुतेक वेळा कोणी नसतं.