मी ज्याला पाकीट उचलायला लावलं तो

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला मी अमळनेरहून धुळ्याला निघालो होतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि पाय लांब करून दोघांच्या सीटवर एकटाच बसलो. कोणी बघितलं की लगेच सांगायचो, "लिगामेंट तुटलंय."

शेजारी एक म्हातारा उभा होता. त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या प्रत्येक विनोदाला तो हसत होता. माझं एक्स-रेचं पाकीट खाली पडलं तेव्हा मी म्हणालो, "आबा, द्या ना जरा. मला वाकता येत नाही." त्याने दांडा घट्ट धरला, एक पाय ताठ ठेवला आणि वाकून पाकीट दिलं.

धुळ्याला तो गाडीकडे तोंड करून, उलटा, एकेक पायरी उतरला. मीही हल्ली तसाच उतरतो.

"आबा, तुमचाही गुडघा?"

पुढच्या सीटवरचा तो विनोदी माणूस लांब गेल्याचं त्याने आधी पाहिलं. "डाक्टरनी माले बी आपरेशन सांगेल शे, भाऊ. पन तो आमना मुकादम. त्याले समजनं तं घड उचलाले बलावाव नही."

मी मान खाली घातली. गुडघ्याचा पट्टा मी पँटच्या वरून बांधला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून.