घोडेमासे आणि तांडेलाची जीभ

तवसाळच्या धक्क्यावर आमच्या ह्यांना खाटेसकट तरीच्या होडीत ठेवलं, तेव्हा माझ्या जावेनं हंबरडा फोडला. मी म्हटलं, "गप गो, मेले नाहीत ते." हे होडीचे तांडेल. सगळे खलाशी त्यांच्या शब्दावर चालायचे. अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. खाडी ओलांडताना आडवे पडल्या पडल्या त्यांनी तरवाल्याला दम भरला, "सरळ धर रे! भाकरी थापतोस काय?" तरवाला हसला. मीही हसले. हेदवीकडचं घर बंद करताना मी सुकी लाकडं माळ्यावर रचून आले होते. रत्नागिरीला औषधपाणी करून पावसाळ्याआधी परत येऊ असंच वाटत होतं.

गावच्या मंडळींनो, आणि आमच्यासारखं घर सोडून गेलेल्यांनो, तुम्ही विचारता म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं वाचा.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत आमचा मुलगा सदा काच-आरशांच्या दुकानात कामाला होता. दोन खोल्या, गॅस, पंखा, कुकर. अंगण नाही. दर्या जवळ, पण त्याचा आवाज येत नसे. सदानं होडीवर पाय ठेवायला नकार दिला होता, म्हणून बापलेकांचं वाकडं. आणि ह्याच सदानं खोलीत काचेची टाकी बनवून त्यात समुद्राचं पाणी भरलं होतं. आत घोडेमासे, घोड्याच्या तोंडाचे, बोटाच्या पेराएवढे. जाळ्यात शेवाळाबरोबर आले की आम्ही फेकून द्यायचो ते. आणि एक दर्यातलं जांभळं झाड, पंख्यासारखं पसरलेलं. तेही जाळं फाडतं म्हणून आम्ही मोडून टाकायचो. घोडेमासे त्याच्या फांदीला शेपटीनं धरून राहत.

ह्यांनी खाटेवरून पाहिलं आणि म्हणाले, "दर्या सोडलास, आणि घरात डबकं केलंस?"

सदानं टाकीची काच पुसायला घेतली.

मला दुसरं काम नव्हतं, म्हणून टाकीचं माझ्याकडे आलं. घोडेमासे मेलेलं खात नाहीत. समोर हललं तरच तोंड उघडतात. मी सकाळी ओहोटीला किनाऱ्याच्या खडपातल्या डबक्यांतून जुन्या धोतराच्या फडक्यानं डासाएवढे जिवंत झिंगे गाळून आणी. झाडाचं वेगळं. त्याला फांदीभर बारीक तोंडं असतात, दाण्याएवढी. ती उघडली की कोळंबी वाटून तिचं पाणी औषधाच्या ड्रॉपरनं हळूच सोडायचं. घाई केली की मिटून घेतं. ते झालं की मी ह्यांना चमच्यानं पेज भरवी. शेजारीण दारातून म्हणायची, "मावशे, झाड आधी नि नवरा नंतर?" मी म्हणायचे, "झाड कटकट करत नाही."

ह्यांची कटकट एकच. "गावाक कधी?" रोज. डॉक्टर म्हणत बघू. मालिश, गोळ्या, बिनमिठाचं जेवण. बिनमिठाची पेज हे निमूट खात. घरी कालवण जरा अळणी झालं तर ताट सरकवणारा माणूस. आम्ही कौतुक केलं, ह्यांना बरं व्हायचंय म्हणून ऐकतात.

एकदा एका घोडेमाशाचं पोट फुगलं. सदा म्हणाला, हा नर आहे, ह्यांच्यात पिल्लं बाप्याच्या पोटात वाढतात. सून हसून म्हणाली, "आई, इथं बाप्ये बाळंत होतात बघा!" हे वाकड्या तोंडानं हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मग रोज खाट टाकीजवळ ओढायला लावत. "सुटला काय गो?" हाच सवाल. डाव्या हातानं काठी धरून दोन पावलंही टाकायला लागले. मला खरंच वाटलं, हा माणूस परत होडीवर उभा राहील.

पावसाळा लागला. टाकीतलं पाणी बदलायचं होतं. पाण्याचा खारेपणा मोजायची सदाची काचेची नळी फुटली होती. त्यानं भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी जाऊन कॅन भरून आणले आणि वाटीभर पाणी बापापुढे धरलं. "बाबा, बघा. दर्याचं आहे की नदीचं शिरलंय?"

जन्मात पहिल्यांदा त्यानं बापाला दर्याबद्दल काही विचारलं. आमच्याकडे पाणी जिभेवर ठेवून तांडेल सांगतो खाडीचं गोडं पाणी कुठवर आलंय, आणि त्यावर मासा कुठे असेल ते. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "बराबर हाय. घाल."

"नक्की?"

"जीभ माझी हाय की तुझी?"

सदानं टाकी भरली.

सकाळी झाडाची तोंडं मिटलेली. दुसऱ्या दिवशी साल सुटून बुळबुळीत लोंबायला लागली आणि पाण्याला घाण सुटली. घोडेमासे एकेक करून तळाशी. तो फुगल्या पोटाचाही. पोट तसंच होतं. मी टाकीत बोट बुडवून चाखलं. नदीचं पाणी. लहान पोरानंही सांगितलं असतं.

मी बोट पदराला पुसलं. पण हे बघत होते. म्हणाले, "मीठ आण." मी चिमूट जिभेवर ठेवली. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं ठेवायला लावली. कितीतरी वेळ तोंड हलवत राहिले.

"रेती लागते," म्हणाले.

सदा म्हणाला, "बाबा, चूक माझी. मी खाडीत जायला नको होतं." ते म्हणाले, "तू इचारलंस ना? मग झालं." आणि त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. सदा न्हाणीत जाऊन नळ सोडून रडला. एवढ्याशा दोन खोल्यांत रडायलाही जागा नव्हती.

त्या दिवसापासून "गावाक कधी" बंद. काठी धरली नाही. मी ओरडले, पाया पडले, शेवटी शिव्याही दिल्या. "उठा, चार पावलं टाका, माझ्यासाठी टाका!" म्हणाले, "कुठं जाऊ? होडी पुतण्याला दे." दिवाळीच्या आधी गेले. डॉक्टरांनी दुसरा झटका म्हणून सांगितलं. असेल.

सदानं टाकी काढली. आता तिथं टीव्ही आहे. मी गॅस पेटवते, दळण गिरणीतून आणते, सूनही बरी आहे. तक्रार नाही.

तुम्ही दर शिमग्याला निरोप धाडता, "वहिनी, घर उघडा, कौलं आम्ही शाकारतो." नका शाकारू. ज्याला गरज असेल त्याला राहायला द्या, माळ्यावरची लाकडंही जाळू देत. मला ते घर ह्यांच्यासकट हवं होतं. ह्यांना इथल्या समुद्राकाठच्या स्मशानात जाळलं. आता घर म्हणाल तर तेवढीच जागा. मी तिथं जाते, थोडा वेळ बसते. उधाणाला तीही पाण्याखाली जाते, मग मी खोलीवर येते.