रिचीच्या यंत्रातला मुलगा

तोलेगेनआगांनी इथे कझाकस्तानात, अल्माटीत, एकतीस वर्षं ट्राम चालवली. ट्राम बंद झाल्या, तरी हा माणूस पहाटे पाचला दाढी करून, बूट पुसून तयार. बावीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. आणि त्यांच्या घरातल्या त्या यंत्राची मला किळस येते, हेही आधीच सांगून टाकते.

यंत्र त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, आदिलखाननं, कॅनडाहून पाठवलेलं. जाताना तो आपला कुत्रा, रिची, आईबापाच्या गळ्यात बांधून गेला होता. पिठाच्या डब्याएवढं ते पांढरं धूड. वर कॅमेरा, आत भोंगा आणि पोटात कुत्र्याची बिस्किटं. तिकडे त्यानं फोनवर बोट दाबलं की इकडे एक बिस्कीट टपकन बाहेर. रोज संध्याकाळी आवाज यायचा, "रिची, माझं सोनं ते! जेवलास का राजा?"

त्याची आई रिस्कुल त्या वेळेला केस विंचरून, धुतलेला रुमाल बांधून कुत्र्याच्या मागे जाऊन बसायची. का, तर पोराला आपणही दिसू.

"आई, जरा बाजूला हो ना. तो दिसत नाहीये."

ती सरकायची, वर हसायची. "दमलेला असतो गं तो," मला म्हणायची, "पण रोज येतो की नाही बघ!" आईबापाला फोन मात्र महिन्यातून एकदा, तोही झाला तर.

एप्रिलात रिस्कुल झोपेतच गेली. आगांनी अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारून घेतला, तिला त्यात ठेवलं आणि भाऊबंदांना सांगितलं, "तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू. आदिलखान येतो म्हणालाय. आईला मूठमाती तोच देईल." आमच्यात त्याहून जास्त कुणी थांबत नाही.

दोन दिवस आगा अंगणाच्या तोंडाशी उभे होते. टॅक्सी वळली की दोन पावलं पुढे व्हायचे. लोकांनी पुढे केलेला चहा तेवढा घेतला, खाल्लं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बापाला म्हणालं, "आके, नाही जमत हो. कामात पार अडकलोय. तुम्ही उरकून घ्या."

उरकून घ्या! आईला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आगांनी भाऊबंदांना तयारीला लागायला सांगितलं.

दुपारी पुरुषमंडळी तिला घेऊन गेली. आम्ही बायका कबरीवर जात नाही, मागे राहून आगांच्या घरात बाउर्साक, कणकेचे गोळे, तळत होतो. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून लाडिक आवाज आला, "रिची, घाबरलास का रे एवढ्या माणसांना? ये, खाऊ घे." टप. टप. काल मुल्ला ज्या गालिच्यावर बसून कुराण म्हणत होता, त्यावर बिस्किटं गडगडली.

मी हातातला झारा घेऊनच धावले. "अरे मेल्या, तुझी आई कबरीच्या वाटेवर आहे आत्ता!"

"आपा, ओरडू नका ना. तो बिथरतो."

वायर उपटणारच होते. पण मुलगा आगांचा, मी कोण उपटणार? दात खाऊन परत चुलीपाशी गेले.

आगा आले ते तिन्हीसांजेला. हात धुतलेले होते, पण नखांत माती तशीच. कुणाकडे न बघता ते सरळ यंत्रापुढे जाऊन मांडी घालून बसले.

"आके? झालं का सगळं?" आदिलखान म्हणाला. "जरा सरकता का? रिची दिसत नाहीये. थांबा, मीच बोलावतो त्याला."

बिस्कीट टपकन आगांच्या गुडघ्यापाशी पडलं. कुत्रा उठायच्या आत त्यांनी ते उचललं आणि तोंडात घातलं. दात मोजकेच राहिलेले, चावायला वेळ लागला. आम्ही सगळ्या दारातून बघत होतो.

गिळून झाल्यावर आगांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बोल बाळा," ते म्हणाले. "मी आहे समोर."