भोंगाबाईंचा कॉम्प्युटर

“बटणाला हात लावू नका, बाबा!”

“अगं, एकदाच. मघाशी दिवा लागला होता.”

“मघाशी लागला आणि विझला. परत लागला, परत विझला. सकाळपासून तेच चाललंय. मेलेल्याला किती वेळा उठवणार?”

“तोंड सांभाळ. मेलं कोणी नाहीये.”

“मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय.”

“मीही त्याच्याबद्दलच बोलतोय.”

टेबलाच्या दोन बाजूंना बापलेक उभे. मध्ये कॉम्प्युटर, आणि समोरच्या खुर्चीवर ती, जिच्यासाठी हा सगळा तमाशा चालला होता. तिच्या गळ्याला पट्टी होती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढलं होतं, श्वास आता गळ्यातल्या भोकातून चालायचा. ती एकदा नवऱ्याकडे बघायची, एकदा मुलीकडे. कोण जिंकतंय ते कळलं की आपल्यालाही सांगा, असा चेहरा.

बसस्थानकावर तिला भोंगाबाई म्हणायचे. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे तिचं काम. पण नुसतं तेवढंच सांगेल तर ती भोंगाबाई कसली! “तीन नंबरचे ड्रायव्हर, चहा पुरे. प्रवासी म्हातारे व्हायला लागलेत,” असं ती सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं सांगायची. साहेबांनी तिला समज दिली. तीही तिने माइकवरून जाहीर केली.

नवरा तिथेच मागच्या शेडमध्ये बसच्या सीटना कव्हरं शिवायचा. मशीन चालवताना दिवसभर तिचा आवाज कानावर. “मी आधी आवाजाला होकार दिला, थोबाड नंतर बघितलं,” असं तो चारचौघांत म्हणायचा. “आणि तेव्हा उशीर झाला होता,” हे पुढचं वाक्य ती म्हणायची.

आवाज जाणार हे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितलं. मग ती घरच्या कॉम्प्युटरसमोर माइक लावून बसली आणि पुढे लागतील ती वाक्यं आपल्या आवाजात भरायला लागली. मुलीने त्याची सोय करून दिली होती. पडद्यावर चौकोन, चौकोनावर बाण नेऊन दाबलं की वाक्य वाजणार.

“काहीतरी छान बोल ना आई,” मुलगी म्हणाली होती. “प्रेमाचं, आठवणीतलं.”

“मी काय निरोप घेतेय? मला संसार करायचाय.”

आणि तिने भरलं काय? गॅस बंद केलात का. ओला टॉवेल पलंगावर नको. मला नाही पटलं. हे डॉक्टरला सांगू नका. पुन्हा तेच, पुन्हा तेच. अशी शेकड्यांनी. याची एक कॉपी काढून ठेवू, असं मुलीने तेव्हाच सुचवलं होतं. “आवाज म्हणजे काय साखर आहे, दोन डब्यांत भरायला?” असं म्हणून तिने विषय उडवून लावला.

शस्त्रक्रियेनंतर घर त्या चौकोनांवर चालू लागलं. नवरा मोरीतून ओरडायचा, बाहेरून कॉम्प्युटर उत्तर द्यायचा. शेजाऱ्यांना पत्तासुद्धा लागला नसता.

आणि मग नवऱ्याने माया केली. त्याच्या घरात प्रत्येक वस्तूला अंगरखा. रिमोटला, फ्रिजच्या दांडीला, फोनला. ज्या डब्यात बायकोचा आवाज आहे, तो उघडा कसा राहील? उत्तम रेक्झिन आणून, आतून फोम लावून त्याने कॅबिनेटच्या मापाचं कव्हर शिवलं. शिलाई अशी की धुळीचा कण आत शिरणार नाही.

तेव्हापासून कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. आज तर उठायलाच तयार नव्हता.

दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. दारातूनच म्हणाला, “याला स्वेटर कोणी घातला?”

“कव्हर आहे ते,” नवरा म्हणाला. “मी शिवलंय.”

“चालू असतानाही असतं?”

“चालू असतानाच तर धूळ ओढतो ना तो.”

“काका, तो धूळ नाही, हवा ओढतो. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी दाबून ठेवलीत.”

मुलीने बापाकडे बघितलं. त्याने कव्हर काढलं आणि कड कडेला जुळवून घडी घालायला लागला. घडी नीट बसेना.

दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं. पंख्यात फोमचा भुगा आणि दोऱ्याची गुंडाळी. ती त्याने चिमट्याने ओढून काढली. मेमरीची पट्टी उपसली, खोडरबराने घासली, परत बसवली. मग वीज चालू करून हार्डडिस्कला कान लावला. कटक, कटक.

“पंखा फिरेल. पण डिस्क भाजून निघालीये. हिचं काही खरं नाही.”

“काढून तुमच्या लॅपटॉपला लावून बघा ना,” मुलगी म्हणाली.

त्याने लावून बघितली. लॅपटॉपने ओळखच दाखवली नाही. त्याने ती पुन्हा जागेवर बसवली. “इथेच रडतखडत एकदा उठेल, असं वाटतंय. उठली की आधी आवाजाचं फोल्डर माझ्या डिस्कवर उतरवून घेऊ. तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच ओझं झेपेल तिला.”

तिघांनी माना डोलावल्या.

बटण दाबलं. बीप झाला. ठिपके गोल गोल फिरत राहिले आणि एकदाचे चौकोन दिसले. नवऱ्याने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. दुरुस्तीवाल्याने फोल्डर ओढलं. हिरवी पट्टी दिसली, नखाएवढी.

“हळू आहे. पण चालू दे.”

“तेव्हाच कॉपी काढली असती तर,” मुलगी पुटपुटली.

“तिनेच नको म्हटलं.”

“ती म्हणाली म्हणून तुम्ही गप्प बसलात?”

“मग कोणाचं ऐकायचं? तुझं? आवाज तिचा आहे.”

“आवाज तिचा, आणि कोंडून मारलात तुम्ही! बाजारात मिळतं म्हणून काय सगळ्याला रेक्झिन फासायचं?”

“अगं, हातांना जे येतं तेच करणार ना माणूस! तू काय केलंस? रविवारी येऊन दोन फोटो काढतेस!”

“जरा हळू, काका,” दुरुस्तीवाला म्हणाला. त्याचं कोण ऐकतो.

खुर्चीतून तिने तळहात टेबलावर आपटला. कोणी बघितलं नाही. परत आपटला. मुलगी रडत आणि भांडत होती, नवरा कव्हराची घडी हातात घेऊन तिला ऐकवत होता. बोलायचं असलं की आपलं तोंड उघडतं. तिचा हात माउसकडे जायचा. तसाच गेला.

“काकू, नको, नको!”

“एका वेळी एकानेच बोला,” खोलीत तिचा आवाज घुमला, खणखणीत, फलाटावरचा. “मला दोघांचं—”

पडदा निळा झाला. वर पांढरी अक्षरं आली. डिस्क कटकट करत राहिली आणि मग तेही थांबलं. साफ केलेला पंखा तेवढा छान फिरत होता.

दुरुस्तीवाल्याने बंद केलं, थांबला, सुरू केलं. पुन्हा केलं. मग आपली डिस्क लॅपटॉपला लावून बघितली.

“फोल्डरचं नाव आलंय,” तो म्हणाला. “आत काही नाही.”

त्याने वायर गुंडाळायला घेतली.

“कशाला दाबलंस गं?” नवऱ्याचा आवाज चिरकला. “हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना त्याने? तुझ्या समोर सांगितलं ना? मग कशाला? आं? बोल ना! अगं, काहीतरी बोल!”

“बाबा,” मुलगी म्हणाली. “बाबा, बास.”

आपण तिला काय करायला सांगतोय, ते त्याला उशिरा कळलं.

ती उठली. खुर्ची टेबलाखाली सरकवली, त्याच्या हातातली घडी बाजूला करून वाट काढली, पायात चपला घातल्या आणि दार उघडं टाकून जिना उतरून गेली.